गेलेलं इंजिन स्वतः बदलावं की गॅरेजला द्यावं?

प्रश्न असा आहे: गाडीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन गेलंय, खालून कनेक्टिंग रॉडचा ठोका ऐकू येतोय. त्याच मॉडेलचं वापरलेलं इंजिन मिळतंय. विचारणाऱ्याने ब्रेक, क्लच प्लेट, टायमिंग बेल्ट इथपर्यंतची कामं स्वतः केली आहेत. इंजिन घरी बदलावं, की पैसे देऊन बदलून घ्यावं?

तेच इंजिन, मॅन्युअल गिअरबॉक्स, इंजिन वरून निघणारं, आणि महिनाभर गाडी हलवावी लागणार नाही अशी पक्क्या जमिनीची जागा, या चारही गोष्टी जुळत असतील तर स्वतः करा. क्लच प्लेट बदललेल्या माणसाने यातलं निम्मं अवघड काम आधीच केलेलं असतं. चारपैकी एखादी जरी जुळत नसेल तर गॅरेजला द्या, नाहीतर काम वाटून घ्या. ते कसं, ते पुढे सांगतो.

पण त्याआधी एका गोष्टीचा छडा लावा: जुनं इंजिन गेलं कशामुळे? स्वतः करणारे आणि गॅरेजवाले, दोघेही इथेच सगळ्यात जास्त फसतात. रॉडचा ठोका म्हणजे रॉडचं बेअरिंग गेलं, आणि बेअरिंग गेलं म्हणजे त्याच्या शेलचा (आतल्या पातळ धातूच्या पट्टीचा) चुरा ऑइलबरोबर सगळीकडे फिरला. जुना ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडून बघा. चमकी दिसली तर तोच चुरा ऑइल कूलर असेल तर त्यात आहे, टर्बो असेल तर टर्बोतही आहे. ऑइल कूलरच्या आतल्या बारीक पट्ट्यांमधून हा चुरा धुऊन पूर्ण निघत नाही. कूलर नवाच घ्यावा लागतो. जुना कूलर नव्या इंजिनला लावला तर पहिल्याच दिवसापासून त्याच्या बेअरिंगना हा चुरा खायला मिळतो. इंजिन तापून गेलं असेल तर रेडिएटर, पंखा, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचं झाकण तपासल्याशिवाय दुसरं इंजिन विकत घेऊ नका. ऑइल संपून गेलं असेल तर ते कुठून संपत होतं ते शोधा. कारण न शोधता इंजिन बदलणं म्हणजे तोच बिघाड पुन्हा विकत घेणं.

आता वापरलेलं इंजिन. "चालू गाडीतून काढलंय" या शब्दांना काही किंमत नाही, मोजमापाला आहे. क्रँक पुलीच्या बोल्टवर सॉकेट लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. दाब लागेल तिथे जड जाणारच, पण कुठे अडकता कामा नये. ऑइलचं झाकण काढून आत बघा: तपकिरी चकाकी चालते, काळा डांबरासारखा थर चालत नाही, दुधाळ साय दिसली तर आत पाणी गेल्याचा संशय धरा. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचं इंजिन बाहेरून धुऊन चकाचक केलेलं असतं. स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून बोअरमध्ये गंजाचं कडं दिसतंय का ते पाहणं हाच त्यावर उपाय.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं, सगळे प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडून करायची असते. साधारण १० ते १४ बार आकडा यावा, आणि सिलिंडरांमधला फरक १० ते १५ टक्क्यांच्या आत असावा. एकच सिलिंडर मागे असेल तर इतर तीन कितीही चांगले असोत, ते इंजिन सोडा. अडचण अशी की जमिनीवर पडलेल्या इंजिनला स्टार्टर लावायला जागा नसते, कारण स्टार्टर बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या घंटेवर (इंजिनला टेकणाऱ्या रुंद तोंडावर) बसतो. अशा वेळी लीक-डाउन टेस्ट करा. सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) आणून त्यात कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते बघायचं. १० टक्क्यांच्या आत उत्तम, २० च्या वर गेलं तर विचार बदला. हवा कुठून फुसफुसते त्यावरून दुखणंही कळतं: इनटेकमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा. वॉटर जॅकेट (ब्लॉकमधली कूलंटची पोकळी) पाण्याने भरून ठेवलं असेल आणि त्यात बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

इंजिन कोड एकच असला तरी वर्षागणिक बारीक फरक असतात. क्रँक सेन्सरच्या चकतीला दात किती, व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग आहे की नाही, थ्रॉटल केबलचं की इलेक्ट्रॉनिक. चकतीचे दात वेगळे असतील तर गाडीच्या ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) क्रँक कुठल्या स्थितीत आहे हेच कळणार नाही. सोपा नियम: ब्लॉक आणि हेड विकत घेतलेल्या इंजिनचं, पण वायरिंग, सेन्सर, इनटेक, इंजेक्टर आपल्या गाडीचे. ईसीयू मात्र कधीच बदलू नका, इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची) किल्ली त्याच्याशी बांधलेली असते.

मग येतो तो मुद्दा, जो बहुतेक जण काम सुरू केल्यावर बघतात: इंजिन निघतं कुठून? कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल आधी मिळवा आणि ते एक पान वाचा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांची इंजिनं बहुतेक वरून निघतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या पुष्कळ गाड्यांत इंजिन-गिअरबॉक्स एकत्र वरून निघतात, पण बऱ्याच नव्या गाड्यांत सबफ्रेमसकट (इंजिन धरणाऱ्या खालच्या चौकटीसकट) खाली उतरवावे लागतात. तसं असेल तर बॉडी इतकी उचलावी लागते की इंजिन खालून सरकवून बाहेर काढता येईल. हे साध्या स्टँडवर करू नये. दोन खांबी लिफ्ट नसेल तर तिथेच निर्णय झाला, गॅरेजला द्या. सबफ्रेम उतरवताना स्टिअरिंगचा जॉइंटही सुटतो. तो सुटलेला असताना कुणी आत बसून स्टिअरिंग गरगर फिरवलं तर एअरबॅगची गुंडाळी केलेली पट्टी, म्हणजे क्लॉक स्प्रिंग, तुटते. स्टिअरिंग सरळ करून लॉक करा किंवा सीटबेल्टने बांधून टाका.

अवजारांत क्रेनबद्दल नीट समजून घ्या. घडीच्या दोन टनी क्रेनची दोन टनांची ताकद तिचा आडवा हात पूर्ण आत असताना असते. हात शेवटच्या भोकापर्यंत बाहेर काढला की तीच क्रेन जेमतेम अर्ध्या टनाची राहते, आणि बंपर ओलांडून इंजिनापर्यंत पोचायला हात बाहेर काढावाच लागतो. चार सिलिंडरचं इंजिन साधारण १०० ते १५० किलो, वर गिअरबॉक्सचे चाळीस-पन्नास. म्हणजे दोन टनी पुरते, पण घराच्या वाशाला चेन कुप्पी अडकवून हे वजन लटकवणं पुरणारं नाही. लोड लेव्हलर घ्याच. गिअरबॉक्ससकट इंजिन तिरकं करून काढावं लागतं आणि ते हाताने तिरकं होत नाही. त्याशिवाय चार दणकट स्टँड, ४० ते २०० न्यूटन-मीटरचा टॉर्क रेंच, लांब दांड्याचा ब्रेकर बार आणि क्लच मध्यात आणायचा अलाइनमेंट दांडा. क्रेन आणि लेव्हलर भाड्याने मिळत असतील तर भाड्यानेच आणा. मात्र काढायच्या दिवशी एकदा आणि बसवायच्या दिवशी एकदा, असे दोन वेगळे दिवस धरा.

वेळेचा अंदाज प्रामाणिकपणे धरा. सरावलेल्या मेकॅनिकला लिफ्टवर असं काम साधारण १५ ते २५ तास लागतं. पहिल्यांदा करणाऱ्याला ४० ते ६० तास, म्हणजे शनिवार-रविवार धरून तीन ते चार आठवडे. त्यात गंजून तुटलेला एक्झॉस्टचा स्टड आणि चुकीचं आलेलं गॅस्केट धरलेलं आहे. दुसरी गाडी नसेल आणि रोज कामावर गाडी लागत असेल तर घाई होते, आणि या कामात घाईतलीच चूक सगळ्यात महाग पडते.

काढण्याबद्दल थोडक्यात. इंधनाच्या पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे पाइपातला दाब उतरतो. रॉड ठोकत असेल तर चालवू नका, नुसता सेल्फ मारा. मग बॅटरी सोडवा, निगेटिव्ह आधी. एसीचा गॅस सोडू नका. पुष्कळ गाड्यांच्या एसीत असणारा आर-१३४ए हा वायू हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे, आणि पुष्कळ देशांत तो सोडणं गुन्हा आहे. बहुतेक गाड्यांत पाइप न उघडता कॉम्प्रेसर इंजिनपासून सोडवून तारेने बाजूला बांधता येतो, पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचंही तसंच. प्रत्येक कनेक्टरच्या दोन्ही बाजूंना टेप लावून एकच नंबर घाला. घंटेचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, पुठ्ठ्यावर घंटेची आकृती काढून ज्या जागेचा बोल्ट त्या भोकात खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर पुढचे आटे फोडतो. ड्राइव्ह शाफ्ट काढताना दांडा धरून ओढू नका, आतल्या जॉइंटमधले रोलर सुटतात. पहारीने गिअरबॉक्सजवळून उचका. इनटेकची भोकं टेपने बंद करा, चिंधी कोंबू नका. चिंधी आत विसरते.

इंजिन बाहेर असताना जे सहज बदलता येतं आणि नंतर हात पोचणार नाही, ते आत्ताच बदला: मागचं क्रँक ऑइल सील, क्लच प्लेट-प्रेशर प्लेट-रिलीज बेअरिंग, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, टायमिंग बेल्ट टेन्शनरसकट, व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, पाण्याचे होज. फ्लायव्हील आणि क्रँक पुलीचे बोल्ट पुष्कळ इंजिनांत ताणून बसणारे असतात, आधी टॉर्क आणि मग अंशांत फिरवायचे. असे बोल्ट एकदा ताणले की संपले, नवेच लावायचे.

खरी कसोटी इंजिन आणि गिअरबॉक्स जुळवताना लागते. दोन्ही लोकेटिंग डॉवेल (गिअरबॉक्सची जागा नेमकी करणाऱ्या पिना) जागेवर आहेत ना ते आधी बघा. जुन्या ब्लॉकवर राहून गेलेले डॉवेल कुणाच्या लक्षात येत नाहीत. ते नसले तर गिअरबॉक्स केसभर तिरका बसतो, आणि काही हजार किलोमीटरने इनपुट शाफ्टचं बेअरिंग बोलायला लागतं. क्लच प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते, तीच बाजू तिकडे. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळायचे. गिअरबॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका, प्लेटचा मधला भाग वाकतो. शेवटची बोटभर फट उरली आणि पुढे सरकेना, की मोह होतो बोल्ट लावून ओढून घेण्याचा. तो टाळा. घंटा हाताच्या जोराने पूर्ण टेकली पाहिजे. टेकत नसेल तर इनपुट शाफ्टच्या आणि क्लच प्लेटच्या खाचा जुळलेल्या नाहीत. गिअरमध्ये टाकून आउटपुटकडून शाफ्ट किंचित फिरवा, खाच सापडली की सरकन आत जातं.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर हीच जागा जास्त धोक्याची. टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा भाग) फिरवत फिरवत आत ढकलला की तो दोन-तीन टप्प्यांत 'खट' करत बसतो, आणि शेवटचा टप्पा गिअरबॉक्सच्या ऑइल पंपाचा असतो. तो राहिला असताना बोल्टने घंटा ओढली तर पंप फुटतो आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. नीट बसलेला कन्व्हर्टर घंटा टेकल्यावरही हाताने मोकळा फिरतो, आणि फ्लेक्सप्लेटपासून (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असणाऱ्या पातळ चकतीपासून) साधारण तीन ते पाच मिलिमीटर मागे असतो. फिरत नसेल तर तिथेच थांबा. पहिल्यांदा करणाऱ्याला ऑटोमॅटिक गाडीचं काम हाती घेऊ नका असं सांगायचं कारण हेच.

माउंटिंगचे (इंजिन बॉडीला धरणाऱ्या रबरी आधारांचे) सगळे बोल्ट आधी हाताने लावा, क्रेनचा ताण सोडा, इंजिन दोन-तीनदा हलवून त्याला आपली जागा घेऊ द्या, आणि मग आवळा. एकेक आवळत गेलात तर रबर पिळलेलं राहतं आणि गाडी उभी असताना केबिन थरथरतं.

आणि अर्थची पट्टी. इंजिनपासून बॉडीला जाणारी विणलेली तांब्याची पट्टी, कुठेतरी खाली एकाच बोल्टने लावलेली, मातीने माखलेली, आणि काढताना नेमकी फोटोत न आलेली. ती राहिली तर सेल्फ मारताना शंभर-दोनशे अँपिअरचा करंट परतीची दुसरी वाट शोधतो. ती वाट म्हणजे गिअरची किंवा क्लचची केबल. आधी सेल्फ मंद फिरतो, बॅटरी उतरली असं वाटतं, मग केबलचं प्लास्टिक वितळल्याचा वास येतो. पट्टीची दोन्ही टोकं आणि ब्लॉकवरची जागा पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासून मगच लावा.

पैसे देऊन करून घ्यायचं ठरलं तर नेमके कशाचे पैसे देतोय ते ओळखा. हात त्यांचे असतात, पण मोल आहे ते दुसऱ्या वेळच्या मजुरीचं. वापरलेलं इंजिन महिन्याने धूर मारायला लागलं तर ते पुन्हा काढून दुसरं बसवायचा खर्च कुणाचा? पुष्कळ इंजिन विक्रेते बदली इंजिन देतात, मजुरी देत नाहीत. आणि इंजिन तुम्ही आणून दिलंत तर गॅरेजवाला फक्त बसवण्याची हमी देईल, ते त्याच्या बाजूने रास्तच आहे. म्हणून गॅरेजकडून करायचं तर इंजिनही त्यांनाच आणायला सांगा आणि लिहून घ्या: इंजिनचा क्रमांक, कॉम्प्रेशनचे आकडे, कोणती सील आणि गॅस्केट नवी, ऑइल कूलरचं काय करणार, हमी किती महिन्यांची आणि त्यात मजुरी धरली आहे का. "जुनं इंजिन कशामुळे गेलं?" हा प्रश्नही विचारा. त्याचं उत्तर नीट न देणारं गॅरेज बदला.

मधला मार्ग मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. काढणं-बसवणं स्वतः करा, आणि ज्याला यंत्र किंवा परवाना लागतो ते बाहेरून करून घ्या: एसी गॅस काढणं-भरणं, तुटलेला स्टड काढणं, फ्लायव्हील घासणं, नंतरचं व्हील अलाइनमेंट. फक्त एक टाळा. अर्धं खोललेलं इंजिन आणि डबाभर बोल्ट घेऊन गॅरेजला जाऊ नका. दुसऱ्याने खोललेलं जुळवायला जास्त वेळ लागतो, आणि राहिलेल्या चुकीची जबाबदारी कुणीच घेत नाही.

वेगळ्या जातीचं, मोठं इंजिन बसवायचा विचार असेल तर वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवा. तिथे इंजिन बसणं हा छोटा भाग असतो. माउंटिंग बनवणं, ऑइल चेंबर सबफ्रेमला न लागणं, शाफ्टची लांबी, इंधनाचा दाब, रेडिएटर, ब्रेक, आणि सर्वांत जास्त वेळ खाणारं वायरिंग. अशा अर्धवट गाड्या वायरिंगपाशीच वर्षानुवर्षं अडकून पडतात. ते काम विकत घ्या. नोंदणीच्या कागदावर इंजिन क्रमांक असतो तिथे क्रमांक बदलल्याची नोंद त्याच जातीच्या इंजिनलाही करावी लागते. वेगळ्या इंजिनला परवानगी मिळते का, हे गाडी खोलायच्या आधी विचारा.

पहिल्यांदा चालू करताना चावी थेट मारू नका. ऑइल भरा, फिल्टर उभा बसणारा असेल तर तोही भरून लावा. स्पार्क प्लग काढा, इंजेक्टर आणि इग्निशनचे फ्यूज काढा, आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये मिनिटभर विश्रांती. प्लग नसल्यामुळे बेअरिंगवर दाब येत नाही आणि ऑइल आधी पोचतं. ऑइलचा दिवा विझला की प्लग आणि फ्यूज लावून गाडी चालू करा. वरून काही सेकंद टकटक येईल, ती थांबली पाहिजे. खालून ठोका आला तर लगेच बंद. कूलंट भरताना हीटर गरमवर ठेवा, गाडीचं नाक उंच करा, एअर ब्लीडचा स्क्रू असेल तर त्यातून अखंड धार येईपर्यंत थांबा. रेडिएटरचा पंखा दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत काट्यावरून नजर हलवू नका. गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा, ती उतरलेली असतेच.

शंभरेक किलोमीटरनंतर माउंटिंग आणि एक्झॉस्टचे बोल्ट पुन्हा तपासा. ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, आणि हा फिल्टरही कापून बघा. पहिल्या फिल्टरच्या घड्यांत थोडी बारीक धूळ चालते. नखाला लागेल अशी चमकी असेल तर हमीची मुदत संपायच्या आत विक्रेत्याला फिल्टरसकट दाखवा.